तोकुशिमाच्या डोंगरात शिक्षिका म्हणून चाललेय, कमी पैशात तिथली खेडी कशी फिरायची?

निळी_शाई:

नमस्कार मंडळी. मी धनकवडीला राहते, चार वर्षं इथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवलंय, सोबत जपानीचे क्लास चालू होते आणि गेल्या वर्षी जपानीची एन३ ही मधल्या पातळीची परीक्षा पास झाले. आता मार्चअखेरीस जपानला चाललेय, सरकारी शाळांमध्ये इंग्रजीची सहाय्यक शिक्षिका म्हणून, एक वर्षाचा करार आहे. गाव शिकोकू बेटावर, तोकुशिमा प्रांतामध्ये, पार डोंगरात. एक माध्यमिक शाळा आणि दोन प्राथमिक, त्यातल्या एकीत सगळे वर्ग मिळून १९ मुलं आहेत असं कळलंय.

ओळखीचे सगळे म्हणतायत की अरेरे तोक्यो नाही मिळालं. मला खरंच तसं वाटत नाहीये. मी लहानपणापासून बाबांबरोबर एसटीने फिरलेय, भोर, वेल्हे, राजगडाच्या पायथ्याची गावं, संध्याकाळच्या मुक्कामी गाडीने जायचं, देवळात झोपायचं, कोणाच्या तरी ओसरीवर पिठलं भाकरी खायची आणि सकाळी गड चढायचा. मला जपानही तसंच बघायचंय, भातखाचरं, जुनी घरं, छोटी स्टेशनं, देवळं.

अडचण पैशांची आहे. पगार महिना २ लाख १० हजार येन, रुपयात आकडा मोठा दिसतो पण भाडं, विमा, पेन्शन कापून आणि घरी कर्जाच्या हप्त्याला पैसे पाठवून माझ्या हिशोबाने फिरायला महिन्याला १५ हजार येनच्या वर काही उरणार नाही. रेल्वेचा तो प्रसिद्ध टुरिस्ट पास कामाच्या व्हिसावाल्यांना मिळत नाही हे कळलं. तर तिकडे राहिलेल्यांनी सांगा, एवढ्यात काय काय होतं, गाडी घ्यावीच लागते का, आणि बाई एकटी खेड्यापाड्यात फिरली तर कसं असतं. आईला शेवटच्या प्रश्नाची फार काळजी आहे. आणि हो, मी शाकाहारी आहे.

आइझुत_तीन_वर्षं:

अगं किती बरं वाटलं वाचून. मी हेच काम फुकुशिमामधल्या आइझु भागात तीन वर्षं केलंय, आता परत पुण्यात आहे. लांबलचक लिहितेय, सावकाश वाच.

आधी फिरण्याचं नाही, पैसा कुठे जातो ते सांगते, कारण मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. पहिला पगार हातात यायला महिना, कधी दीड महिना लागतो आणि घराचे सुरुवातीचे पैसे त्याच्या आधी द्यायचे असतात, त्यामुळे इथून जाताना निदान दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेव. करार नीट वाच, मला ज्या कंपनीमार्फत पाठवलं होतं ती ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगार कापायची आणि ते कलम मी जपानी येत असूनही सही करताना नीट वाचलं नव्हतं, पहिला ऑगस्ट मी कसा काढला माझं मला माहीत. रहिवासी कर पहिल्या वर्षी लागत नाही, आदल्या वर्षीच्या कमाईवर असतो म्हणून दुसऱ्या वर्षी जूनपासून सुरू होतो, करार वाढवलास तर तेव्हा दचकू नकोस. हिवाळ्यात रॉकेलचा हीटर, १८ लिटरचा कॅन असतो, डोंगरातल्या घरांच्या भिंती पातळ असतात आणि शिकोकूच्या डोंगरातही बर्फ पडतो. आणि सगळ्यात न दिसणारा खर्च म्हणजे ओमियागे. कुठेही फिरून आलीस की स्टाफरूमसाठी मिठाईचा बॉक्स आणायचा, एकेक पुडी वेगळी पॅक केलेली, प्रत्येकाच्या टेबलावर एक. हजार येन गेले. महिन्यात तीन वेळा बाहेर गेलीस तर तीन हजार यातच गेले.

आता फिरण्याचं. पहिल्या वर्षी मी दर शनिवार रविवार गावाबाहेर पळायचे, सेंदाई, निक्को, तोक्यो, दर वेळी वाटायचं एवढ्या लांब आलोय तर बघून घ्यावं. मार्चमध्ये हिशोब केला तर बँकेत काही नव्हतं आणि माझ्या शाळेतल्या मुलांची गावं कुठे आहेत हेही मला माहीत नव्हतं. दुसऱ्या वर्षी पैसेच नव्हते म्हणून मी जवळपास फिरायला लागले आणि मला जपान तेव्हा दिसलं. आमच्याकडून तादामी नावाची रेल्वे लाइन जाते, आइझु-वाकामात्सु ते कोइदे १३५ किलोमीटर, २०११ च्या पुरात पूल वाहून गेले होते आणि मधला टप्पा अकरा वर्षं बंद होता, १ ऑक्टोबर २०२२ ला पूर्ण सुरू झाली. पूर्ण अंतर जाणाऱ्या गाड्या दिवसाला अगदी मोजक्या. मी एका स्टेशनवर उतरायचे, पुढच्या गाडीला चार तास असायचे, मग त्या चार तासांत गाव चालायचं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा शेतातल्या आजी ओळखीच्या झाल्या होत्या, निघाली, त्या माझ्याच वर्गातल्या एका मुलाची आजी, त्यांनी घरी नेऊन कोतात्सुत, म्हणजे खाली हीटर आणि वर पांघरूण असलेल्या बुटक्या टेबलाशी, बसवलं आणि मुळ्याचं लोणचं खाऊ घातलं. त्या दिवसाचा माझा खर्च तिकिटाचा, बाकी काही नाही. पाहुणी असतीस तर तुला हे मिळालं नसतं, शिक्षिका आहेस म्हणून मिळतं. गावात सेन्सेई म्हणजे अजूनही आपल्याकडच्या पूर्वीच्या मास्तरांसारखं आहे, सगळे ओळखतात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, पहिले सहा महिने तोकुशिमाच्या बाहेर जाऊच नकोस. तुझ्याकडे इयाची दरी आहे, वेलींनी विणलेला काझुराबाशी पूल आहे, दर तीन वर्षांनी नवीन विणतात. ओबोके स्टेशनवरून बस जाते पण दिवसाला थोड्याच फेऱ्या, परतीची बस आधी बघायची आणि मगच निघायचं. त्याच दरीत आणखी वर नागोरो गाव, जिथे माणसं फारशी उरली नाहीत तर माणसांच्या आकाराच्या बाहुल्या करून शेतात, बसस्टॉपवर, बंद पडलेल्या शाळेच्या वर्गात बसवल्यात. तुझ्या १९ मुलांच्या शाळेत शिकवून झाल्यावर ते गाव बघ, मग पोटात तुटतं. कामिकात्सु आहे, २००३ मध्ये शून्य कचऱ्याचा ठराव केलेलं गाव, लोक कचरा स्वतः केंद्रावर आणून चाळीसहून जास्त प्रकारांत वेगळा करतात, आणि तिथल्या म्हाताऱ्या बायका १९८६ पासून मेपल वगैरेची पानं तोडून हॉटेलांना ताटं सजवायला विकतात. दक्षिणेला समुद्राकाठी रुळावर पण चालते आणि रस्त्यावर पण चालते अशी छोटी बस-गाडी आहे, डीएमव्ही म्हणतात, डिसेंबर २०२१ ला सुरू झाली. यातलं काही बघायला शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, लागत नाही.

तोकुशिमात विजेवर चालणारी ट्रेनच नाही, सगळ्या डिझेलच्या, बऱ्याचदा एकच डबा आणि फक्त ड्रायव्हर. मागच्या दाराने चढायचं, छोटं नंबरचं तिकीट ओढून घ्यायचं, उतरताना समोरच्या बोर्डावर त्या नंबरखाली जे भाडं दिसेल ते ड्रायव्हरजवळच्या डब्यात टाकायचं. कार्ड बहुतेक ठिकाणी चालत नाही, सुट्टी नाणी जवळ हवीतच. गावातल्या बस शाळा आणि दवाखान्याच्या वेळा धरून असतात, रविवारी कित्येक बंद.

एकटी बाई म्हणून मला तीन वर्षांत माणसांची भीती वाटली नाही. अस्वलांची वाटली. शिकोकूत मात्र अस्वलं अगदी बोटांवर मोजण्याइतकीच उरलीत, त्सुरुगीसान डोंगराच्या बाजूला, तेव्हा आईला सांग की तू त्या बाबतीत आमच्यापेक्षा खूप सुरक्षित आहेस. पुढे कधी उत्तरेला, तोहोकूत गेलीस तर घंटा बांधल्याशिवाय डोंगरात पाऊल टाकू नकोस, २०२५ हे अस्वलांच्या हल्ल्यांचं फार वाईट वर्ष होतं, तिथल्या आकिता प्रांतात तर सैन्याची मदत मागवावी लागली.

चारचाकी_घाटातली:

गाडीबद्दल एवढंच. पुण्यातल्या आरटीओमधून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच जा, तिकडे गेल्यावर काढता येत नाही. तो काढल्यापासून एकच वर्ष चालतो, म्हणून निघायच्या तोंडावर काढा, पुढे राहायचं असेल तर आपला परवाना जपानी करून घ्यावा लागतो आणि ऑक्टोबर २०२५ पासून ती परीक्षा कडक केलीय, आधी दहा प्रश्न असायचे आता पन्नास, त्यात ९० टक्के पाहिजेत, शिवाय गाडी चालवून दाखवायची. परवाना मिळाल्यावर निदान तीन महिने भारतात होतात हेही दाखवावं लागतं, त्यामुळे नवीनच काढला असेल तर तारीख बघून घ्या. गाडी डावीकडूनच चालते, आपल्यासारखीच, तेवढं सोपं आहे.

विकत घ्यायचीच तर पिवळ्या नंबरप्लेटची केई कार, ६६० सीसीची, वर्षाचा कर साधारण १० हजार ८०० येन. पण जुनी स्वस्त गाडी घेताना शाकेन कधीपर्यंत आहे हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका, ती दर दोन वर्षांची तपासणी असते आणि गाडीच्या किमतीएवढा खर्च तिलाच येऊ शकतो. एका वर्षासाठी मी म्हणेन की घेऊ नका, सायकल घ्या, पोलिसांचं नोंदणीचं स्टिकर दुकानातच लावून देतात, आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा दिवसभराची भाड्याची गाडी. टोलचा रस्ता टाळून खालच्या रस्त्याने जा, तोच बघण्यासारखा असतो. वाटेत मिचि-नो-एकि लागतात, रस्त्यावरची स्टेशनंच म्हणा, १९९३ पासून आहेत, पार्किंग आणि संडास चोवीस तास फुकट, शेतकऱ्यांची भाजी तिथेच विकायला असते. थकलं तर गाडीत डुलकी काढायला हरकत नसते, पण मुक्कामाची जागा म्हणून वापरू नका असं सरकारच सांगतं, तो नियम पाळा.

पायी_आळंदी_पंढरपूर:

माझ्या मुलीच्या वयाची दिसतेस म्हणून तू म्हणतो. मी जपानमध्ये राहिलेलो नाही, पण मुलगी ओसाकाला नोकरीला आहे आणि दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे गेलो तेव्हा आम्ही दोघं दहा दिवस तुझ्या तोकुशिमात चाललो. तू जिथे चालली आहेस तिथून जगातली एक मोठी वारी सुरू होते हे तुला कोणी सांगितलं नसेल तर मी सांगतो.

शिकोकूची ८८ देवळांची यात्रा. कोबो दाइशी, म्हणजे कुकाई नावाचे बौद्ध संत, इसवी सन ७७४ ते ८३५, त्यांच्या नावाने चालतात. पूर्ण बेटाला फेरी, साधारण १२०० किलोमीटर, पायी चाळीस-पन्नास दिवस लागतात. पण एका दमात करायची सक्ती नाही, तुकड्या तुकड्यांनी कितीही वर्षांत केली तरी चालते, आणि पहिली २३ देवळं तोकुशिमातच आहेत. म्हणजे तुझ्या शनिवार रविवारात तू एक पूर्ण प्रांत चालून काढू शकतेस. पहिलं देऊळ र्‍योझेन्जी, बांदो नावाच्या छोट्या स्टेशनवरून चालत जाता येतं. पहिली दहा देवळं योशिनो नदीच्या सपाटीवर जवळजवळ आहेत, दोन दिवसांत आरामात होतात. अकराव्यापासून बाराव्यापर्यंत मात्र १३ किलोमीटर खडी चढण, त्याला तिकडे यात्रेकरू गडगडतात ती जागा असंच नाव आहे. मी अकरा वेळा दिवेघाट चढलोय तरी तिथे मला तीनदा बसावं लागलं.

तुला खर्चाचं हवं होतं ना. देवळात वहीवर शिक्का आणि हाताने अक्षरं लिहून देतात त्याचे ५०० येन, पूर्वी ३०० होते, २०२४ च्या एप्रिलपासून वाढवले. शिक्का घ्यायलाच पाहिजे असं नाही, नुसतं दर्शन फुकट आहे. काही देवळांत आणि काही लोकांच्या घरी चालणाऱ्यांसाठी फुकट किंवा नाममात्र पैशात टेकायची जागा असते, त्सुयादो आणि झेन्कोन्यादो म्हणतात, पांघरूण आपलं आपण न्यायचं. ती गरजू चालणाऱ्यासाठी ठेवलेली जागा आहे, स्वस्त लॉज नाही, तेव्हा आधी फोन करून विचारायचं आणि निघताना झाडून निघायचं. एकट्या मुलीसाठी मी म्हणेन की देवळाचं राहण्याचं ठिकाण किंवा साधं घरगुती मिन्शुकु घे, सात-आठ हजार येनला रात्रीचं आणि सकाळचं जेवण धरून मिळतं. महिन्यात एकदा तुला परवडेल.

पण मला खरं सांगायचंय ते ओसेत्ताईबद्दल. आम्ही सहाव्या देवळाच्या अलीकडे रस्त्याने चाललो होतो, एक म्हातारी बाई घरातून धावत आली आणि माझ्या हातात दोन संत्री आणि शंभर येनचं नाणं ठेवलं, वाकून नमस्कार केला आणि आत गेली. मुलीने सांगितलं की हे नाकारायचं नसतं, यात्रेकरूला दिलेलं कोबो दाइशींना पोचतं अशी श्रद्धा आहे, त्या बदल्यात आपल्या नावाची पट्टी द्यायची, ओसामेफुदा. मला सासवडच्या अलीकडे ताक देणाऱ्या आयाबाया आठवल्या, त्याही पाया पडतात, आपण कोण आहोत ते बघत नाहीत. तिकडे टाळ नाही, दिंडी नाही, माणूस एकटाच चालत असतो, पण टोपीवर लिहिलेलं असतं, दोग्यो निनिन, म्हणजे दोघे मिळून चाललोय. आपला विठोबा जसा सोबत चालतो तसंच ते. मला जपानी येत नाही, तरी त्या दहा दिवसांत परक्या मुलखात आहोत असं एकदाही वाटलं नाही.

वरणभात_आणि_तूप:

शाकाहाराचं मी सांगते, मी पण त्याच बाजूला, शेजारच्या कोचीमध्ये दोन वर्षं होते. पहिली गोष्ट म्हणजे शाळेतलं जेवण, मुलांबरोबर वर्गात बसून जेवतात, अडीचशे-तीनशे येन पडतात, आणि त्यात रोज मासा किंवा मांस काहीतरी असतं. गेल्या गेल्या पहिल्याच आठवड्यात सांग की मी डबा आणणार, उशिरा सांगितलंस तर महिन्याचे पैसे भरलेले असतात आणि स्वयंपाकघराची पंचाईत होते.

बाहेर दिसायला शाकाहारी असलेल्या सगळ्यात दाशी असते, म्हणजे बहुतेक वेळा माशांचं उकळून काढलेलं पाणी. नुसतं नीकु, म्हणजे मांस, नाही म्हणून भागत नाही, काट्सुओ (एक मासा) नको, निबोशी (सुकवलेले छोटे मासे) नको असं नावं घेऊन सांगायचं. शेजारच्या कागावाचा उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, सगळ्यात स्वस्त जेवण, पण त्याचं पाणी सुकवलेल्या छोट्या माशांचं असतं. मी काय करायचे, गरम उदोन नुसता घ्यायचा आणि वरून साधा सोया सॉस आणि सुदाची पिळायचं, सुदाची म्हणजे तुमच्या तोकुशिमाचं हिरवं छोटं लिंबू, इतकं सुरेख लागतं की मी इथे येऊन पण ते शोधते.

घरी करायचं तर खर्च खूप कमी येतो. शेताच्या कडेला लाकडी मांडणीवर भाजी ठेवलेली असते, शेजारी पैशाचा डबा, माणूस नाही, शंभर येनला वांगी, काकड्या, मुळा, मोसमात जे असेल ते. तोकुशिमाचं रताळं आणि कमळकाकडी प्रसिद्ध आहे, कमळकाकडीची भाजी गोडा मसाला घालून करून बघ. सुपरमार्केटमध्ये बंद व्हायच्या दीड-दोन तास आधी जा, कामगार स्टिकर लावत फिरतो, हानगाकु म्हणजे अर्ध्या किमतीला, तोफू वगैरे तेव्हाच घ्यायचा. इथून हिंग, गोडा मसाला, छोटा कुकर ने, तूरडाळ ऑनलाइन मागवता येते. ताजा कढीपत्ता नेऊ नकोस, तपासणीचं प्रमाणपत्र नसलेली झाडपाल्याची वस्तू विमानतळावर काढून घेतात, माझा घेतला होता, वाळवलेला मसाला चालतो.

रात्रीची_बस:

सगळं पटलं पण सहा महिने बाहेर जाऊ नको हे नाही पटलं. एका वर्षाचा करार आहे, पुढचं कोणाला माहीत, क्योतो, नारा न बघता परत आली तर आयुष्यभर चुटपुट लागेल. तोकुशिमाहून कोबे-ओसाकाच्या बस दिवसभर असतात, नारुतो आणि आकाशीच्या पुलावरून, आकाशीचा मधला गाळा १९९१ मीटरचा आहे, तो पूल बसमधून बघणं हाच एक अनुभव आहे. मोठ्या सुट्टीत सेइशुन १८ तिकीट घ्या, नाव १८ आहे पण वयाची अट नाही, व्हिसाचीही नाही, जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या, साध्या गाड्यांमधून देशभर कुठेही. ३ दिवसांचं १० हजार, ५ दिवसांचं १२ हजार ५० येन. जुन्या पोस्ट वाचून फसू नका, पूर्वी पाच दिवस सुटे वापरता यायचे आणि दोघा-तिघांत वाटता यायचं, २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग दिवस आणि एकाच माणसाला. वसंत, उन्हाळा, हिवाळा असं शाळेच्या सुट्ट्यांच्या आसपासच विकतात, म्हणजे शिक्षकाला सोयीचंच. फक्त ऑगस्टच्या मध्यात ओबोन हा पूर्वजांचा सण असतो आणि १२ ते १५ ला तोकुशिमात आवा ओदोरी हा नाचाचा उत्सव, तेव्हा हॉटेलचे भाव विचारू नका.

आइझुत_तीन_वर्षं:

रात्रीची_बस, मान्य, क्योतो बघावंच, नारा पण. मी सहा महिने म्हटलं कारण सुरुवातीला बाहेरची सवय लागली की गावात पाय टिकत नाही, माझा नव्हता टिकला. एप्रिलमध्ये शाळा सुरू होते, मे-जूनमध्ये खेळाचा दिवस, उन्हाळ्यात गावचा उत्सव, शरदात भाताची कापणी, हे सगळं शनिवार रविवारी असतं आणि कोणी आमंत्रणपत्रिका देत नाही, तू गावात दिसलीस तर बोलावतात. मग डिसेंबरच्या सुट्टीत सेइशुन घेऊन खुशाल जाऊ दे तिला.

निळी_शाई:

मी काल रात्री हे सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं. काका, तुमचं ओसेत्ताईचं ऐकताना आई रडली, आजी वारीला जायची आमची. आता ती म्हणतेय की ऑक्टोबरात मला भेटायला आली तर पहिली पाच देवळं तिलाही चालायची आहेत, गुडघे दुखतात तिचे पण ऐकत नाहीये. सपाटीचं आहे म्हणालात ना, एका दिवसात दोनच केली तर चालेल का?

ताई, मी करार काढून परत वाचला, ऑगस्टचं कलम आहे त्यात, ६० टक्के पगार. सही व्हायचीय अजून, उद्याच विचारते त्यांना. गाडी नाही घेत, सायकल घेते.

पायी_आळंदी_पंढरपूर:

दोनच काय, एक केलं तरी चालतं. पहिल्यापासून दुसरं देऊळ दीडेक किलोमीटरवर आहे, रस्ता डांबरी आणि सरळ. र्‍योझेन्जीत काठी मिळते ती आईला घेऊन दे, गुडघ्यांना खरंच आधार होतो, आणि पूल ओलांडताना काठी जमिनीवर टेकवायची नाही, पुलाखाली कोबो दाइशी झोपलेत असं मानतात.

आइझुत_तीन_वर्षं:

विचारच त्यांना, आणि उत्तर ईमेलवर घे. माझ्याकडे झोपायची पातळ पिशवी आणि सायकल ट्रेनमध्ये न्यायची मोठी पिशवी पडून आहे, सायकल त्या पिशवीत बांधल्याशिवाय ट्रेनमध्ये घेऊ देत नाहीत, तिकडे नवी घ्यायला पाच-सहा हजार येन जातील. रविवारी संध्याकाळी सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यानाच्या गेटवर ये, आईलाही घेऊन ये. ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून केलंय ते, आणि तुझ्या शिकोकूहून समुद्र ओलांडला की समोर ओकायामाच आहे, आईला तेवढंच आधी दाखवून ठेवू. पायातल्या बुटांचा नंबर मोठा असेल तर चालायचे बूट मात्र इथूनच घे, बायकांसाठी २५ सेंटिमीटरच्या वरचे खेड्यातल्या दुकानात मिळत नाहीत, आणि तीन आठवडे इथे घालून पर्वती चढून उतरून मऊ करून ने.